सायलेन्सरपासून वीतभर

सकाळी आठ वाजून पन्नास मिनिटांनी ड्रायव्हरच्या हाताला रॅकचा एक पट्टा लागला. तो वितळलेला होता.

शर्यत सुटून तेवढीच मिनिटं झाली होती. डोंगरातली बासष्ट किलोमीटरची सायकल शर्यत, एकशे चौदा स्पर्धक, त्यांत त्याची लेक, नंबर सत्तावीस. ती पहिल्या चौकीवरून पुढे गेल्याचं कर्ण्यावरून नुकतंच ऐकू आलं होतं, मुलींमध्ये चौथी. ड्रायव्हर गाडीमागचा रॅक मिटून ठेवत होता. उघडा ठेवला तर येणाऱ्या-जाणाऱ्याची नडगी फुटते. पुढचं चाक पन्हाळीत दाबून धरणारा काळा प्लास्टिकचा पट्टा त्याने ओढला, तर तो सरकेना. एका बाजूचे दात बुजले होते, कडा पातळ होऊन ओघळली होती.

तो वाकला. पट्ट्यापासून वीतभर अंतरावर सायलेन्सरचं तोंड होतं.

"ए, खाली उतर जरा."

मेव्हणा पुढच्या सीटवर, पाय वर घेऊन झोपेचा उरलेला हिशेब पुरा करत होता. धंद्याने वेल्डर. गप्पांमध्ये तो कधी खंड पडू देत नसे.

"काय झालं दाजी? नट मोजताना एक जास्त निघाला का?"

"इकडे बघ."

मेव्हण्याने पट्टा पाहिला, मग सायलेन्सर पाहिला, मग पुन्हा पट्टा.

"हा मीच वळवलेला," तो शेवटी म्हणाला.

"मीच वळवायला सांगितलेला," ड्रायव्हर म्हणाला.

हा रॅक निवडायला ड्रायव्हरने तीन आठवडे घेतले होते. आपलं लग्न यापेक्षा लवकर ठरलं होतं, असं बायकोने ऐकवलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. सव्वीस वर्षं तो नकाशे बनवणाऱ्या कंपनीत मोजणीवाल्यांची गाडी चालवत होता. म्हणजे जिथे रस्ता आहे की नाही हेच ठरवायचं असतं तिथे पहिली गाडी त्याची जायची. दगडांचा रस्ता गाडीला मोडत नाही, सैल करतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आज एक नट, उद्या एक बिजागरी. म्हणून रॅक पाहताना तो एकच गोष्ट पाहत होता: हे हलेल का?

छपरावरचा रॅक त्याने पहिल्याच दिवशी बाद केला. वर फांद्या, आणि गाडी कडेला कलली की डोक्यावर वजन नको. मागच्या दाराला पट्ट्यांनी लटकवायचा प्रकार त्याने हातात घेतला आणि होता तिथे ठेवून दिला. मागच्या दारावरच्या स्टेपनीवर बसवायचा रॅक मेव्हण्याला आवडला होता, पण त्या दाराच्या बिजागऱ्या आधीच चाकाच्या वजनाने कुरकुरत होत्या. उरली ती ट्रेलर ओढायची चौकोनी नळी, थेट चासीला जोडलेली. तिच्यात बसणारा रॅक हवा, आणि तोही सायकलीच्या सांगाड्याला चिमट्यात पकडणारा नको, चाकांना धरणारा हवा. लेकीची सायकल कार्बनची. गाडी आदळत असताना तिला चिमटा सोसला नसता.

"चार सायकली, साठ किलो. डोळे झाकून न्या," दुकानदार म्हणाला होता.

"साठ किलो कुठल्या रस्त्यावर?"

"रस्त्यावर म्हणजे... रस्त्यावर."

"डांबरी की दगडांच्या?"

दुकानदाराने पुस्तिका उघडली, पुढून चाळली, मागून चाळली. शेवटी ड्रायव्हरनेच शेवटच्या पानावरची बारीक ओळ शोधून काढली. कच्च्या रस्त्यावर निम्मंच वजन.

"म्हणजे दोन सायकली."

"तुम्हाला दोनच न्यायच्यात ना? मग झालं की!"

"आता झालं. मघाशी झालं नव्हतं," ड्रायव्हर म्हणाला, आणि मेव्हणा दुकानाबाहेर जाऊन हसून आला.

घरी आणल्यावर नळीत रॅकचा दांडा एक मिलिमीटर हलत होता. मेव्हण्याने पाचर घालून तो पक्का केला. रॅक खाली लोंबत होता, खड्ड्यातून वर येताना घासला असता, म्हणून मेव्हण्याने एक कोपर बनवून तो बंपरच्या उंचीला आणला. दोन वर्षांपूर्वी दगडावर आपटून सायलेन्सरचं तोंड चेपलं होतं, तेव्हा तेही याच दोघांनी कापून वर, डावीकडे, बंपरच्या उंचीला वळवलं होतं. दोन्ही कामं चोख झाली होती. फक्त ती एकमेकांसमोर आली, आणि ते दोघांपैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही. रॅक खालीच राहिला असता तर धूर आऱ्यांमधून निघून गेला असता. वर घेतल्यावर समोर आली ती रिम.

आणि चाचणी घेतली नव्हती असंही नाही. लेकीची जुनी, साध्या ॲल्युमिनियमच्या चाकांची सायकल लावून ड्रायव्हर खाणीच्या रस्त्यावर दोनदा वीस-वीस किलोमीटर फिरला होता. प्रत्येक नटावर त्याने खडूने रेघ ओढली होती. परत आल्यावर टॉर्च मारून पाहिलं, एकही रेघ सरकली नव्हती.

"दाजी, सायकल न्यायची आहे की रणगाडा?" मेव्हण्याने विचारलं होतं.

ती चाचणी हलण्याची होती. तापण्याची नव्हती.

आज सकाळी वाट वेगळी पडली. शर्यतीचं पाणी घेऊन जाणारा टँकर पुढे होता, आणि घाटात त्याला ओलांडायला जागा नव्हती. पहिल्या गिअरमध्ये, इंजीन तापवत, पन्नास मिनिटं. वारा नाही, वेग नाही. धूर जिथे निघाला तिथेच घुटमळत होता.

"चाक आतल्या बाजूला कोणाचं होतं?" मेव्हण्याने विचारलं, जणू त्याला माहीत नव्हतं.

"तिचंच. पुढचं. बाहेरच्या बाजूला सरावाची सायकल होती."

"कार्बनची रिम."

"हो."

"बघा दाजी, पट्टा वितळला म्हणून रिम बिघडली असं थोडंच आहे? हे प्लास्टिक. ते वेगळं."

"ते पण रेझिनच असतं. धाग्यांना चिकटवून ठेवणारं. तूच सांगितलं होतंस मला."

"मी काय, मी चार गोष्टी सांगतो, त्यांतल्या दोन खऱ्या असतात," मेव्हणा म्हणाला. पण त्याचा आवाज खाली आला होता.

ड्रायव्हरने गाडी सुरू केली, मागे आला आणि पट्टा होता तिथे तळहात धरला. मनात मोजलं. चारपर्यंत पोचला आणि हात झटकला. आणि हे नुसतं उभ्या गाडीत, सकाळच्या थंडीत.

मग त्याला सात वाजून पाच मिनिटांची गोष्ट आठवली. सायकली उतरवताना लेक म्हणाली होती, "बाबा, चाक कोमट लागतंय." आणि तो, दुसऱ्या सायकलीचा पट्टा सोडवत, न बघता म्हणाला होता, "प्रवासातून आलंय. होईल गार." ती सायकल घेऊन हवा तपासायला गेली. हवा बरोबर निघाली. चाक फिरवून पाहिलं, ते सरळ फिरलं. तापलेल्या रिमचं बाहेरून तसंच असतं. वर चढताना ती काही बोलत नाही. उतारावर, दगडावर आदळताना, ब्रेक लावताना बोलते.

आणि उतार दुसऱ्या चौकीनंतर होता. नऊ किलोमीटर, सगळा दगडांचा. दुसऱ्या चौकीवर ती साधारण दहाला पोचणार होती.

आता नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती. शर्यतप्रमुख बाईंचा तंबू साठ पावलांवर होता. ड्रायव्हर निघाला, वीसेक पावलं गेला आणि थांबला. मग परत गाडीपाशी आला.

"काय झालं?" मेव्हण्याने विचारलं.

"मी शब्द दिलाय."

मेव्हण्याला तो शब्द माहीत होता. घरातल्या सगळ्यांना माहीत होता. मागच्या वर्षी अशाच एका शर्यतीत ड्रायव्हरला वाटलं होतं की लेकीच्या मागच्या चाकाचा नट सैल आहे. वळणावर उभं राहून, दोन्ही हात पसरून त्याने तिला अडवलं होतं. नट घट्ट होता. त्या दीड मिनिटात अकरा जणी पुढे गेल्या. लेक चार महिने त्याच्याशी बोलली नाही. एका घरात राहून "आई, बाबांना सांग जेवण वाढलंय" असं चाललं होतं. शेवटी बोलली ती एवढंच: "शर्यत सुटल्यावर माझ्या आड यायचं नाही. काहीही झालं तरी. शब्द द्या." त्याने दिला होता.

यंदा पहिल्या सहा जणींना सायकलिंग संघाच्या निवड शिबिरात घेणार होते. ती चौथी होती. एकविसावं वर्ष, पुढच्या वर्षी वयाची मर्यादा संपत होती.

"मागच्या वेळी तुम्हाला वाटलं होतं," मेव्हणा म्हणाला. "आज पट्टा हातात आहे."

"मागच्या वेळी पण मला असंच वाटलं होतं की हातात आहे."

"मग ताईला फोन करू?"

"तिला कशाला? ती काय तिथे बसून रिम बघणार आहे?"

"मग मला विचारा ना! मी सांगतो, जा."

"तू मघाशी म्हणालास, बिघडली असं थोडंच आहे."

"तुम्हाला धीर देत होतो हो!" मेव्हणा ओरडला. शेजारच्या गाडीतल्या कुटुंबाने वळून पाहिलं. "माणूस धीर देतो तेव्हा खरं बोलतो का कधी?"

तरी ड्रायव्हर गेला नाही. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली. सवयीने हात नटांवरून फिरत होता. मग दुसरी मारली. त्याने सरावाची सायकल आडवी पाडून तिच्या चाकावर अंगठा दाबून पाहिला, जसं काही त्या चाकावरून या चाकाचं कळणार होतं. मेव्हण्याने डिकीतून हत्यारांची पेटी काढली आणि सायलेन्सरला पाना लावला.

"हे काय करतोयस?"

"काढतो."

"आत्ता?"

"मग काय करू? नुसता उभा राहू?"

"ठेव ते."

नऊ वाजून सव्वीस मिनिटांनी ड्रायव्हर तंबूत शिरला. ही एकवीस मिनिटं कुठे गेली, हे पुढे दिवसभर त्याला सांगता येणार नव्हतं.

शर्यतप्रमुख बाई शाळेत खेळ शिकवत असत. गळ्यात दोन शिट्ट्या, समोर वॉकीटॉकी आणि चौकशांना उत्तर देऊन दमलेला चेहरा. त्यांनी वितळलेला पट्टा हातात घेतला, उलटसुलट केला. ड्रायव्हरने सगळं क्रमाने सांगितलं: टँकर, पन्नास मिनिटं, सायलेन्सर, रिम, उतार.

"मी तिला थांबवू शकत नाही," बाई म्हणाल्या. "सामान तपासणीत सायकल पास झाली आहे. आता निर्णय खेळाडूचा. निरोप मात्र देता येतो."

"तुम्ही हुकूम द्या ना बाई. तुमचं ऐकेल ती."

"आणि रिम धड निघाली तर? मी एका मुलीचं शिबिर घालवलं असं होईल. तुम्ही बाप आहात, तुम्हाला घाबरायचा हक्क आहे. मला नाही."

"मग मला गाडी घेऊन वर जाऊ द्या."

"वाट जेमतेम एका गाडीपुरती रुंद आहे. समोरून शंभर सायकली येणार. तुम्ही एकीला वाचवायला जाल आणि दुसरीला उडवाल. गाडीची किल्ली इथे ठेवता का, की मी विश्वास ठेवू?"

ड्रायव्हरने किल्ली टेबलावर ठेवली. बाईंनी निरोप कागदावर लिहून घेतला, मोठ्याने वाचून दाखवला: नंबर सत्तावीस, पुढची रिम गाडीच्या सायलेन्सरने तापली आहे, उतारावर फुटू शकते, चाक बदलावं किंवा थांबावं. दुसऱ्या चौकीवर एक जादा चाक होतं, साधं, जड, पण होतं. "बरोबर?" त्यांनी विचारलं. "बरोबर," तो म्हणाला. दुसरी चौकी मधल्या टेकडीआड होती, थेट आवाज पोचत नव्हता. निरोप पहिल्या चौकीला दिला, पहिलीने तो पुढे दिला. नऊ वाजून अडतीस मिनिटांनी "पोचला" असं उत्तर आलं.

ड्रायव्हरला हायसं वाटलं. ते जेमतेम अर्धा तास टिकलं.

दहा वाजून नऊ मिनिटांनी दुसऱ्या चौकीचा निरोप उलट आला. सत्तावीस नंबर आली होती आणि गेली होती. आता तिसरी.

"निरोप दिला का?" बाईंनी विचारलं. तो प्रश्न पहिल्या चौकीवरून वर गेला. उत्तर यायला तीन मिनिटं लागली. दिला होता.

"काय शब्दांत दिला, विचारा," ड्रायव्हर म्हणाला.

"अहो, दिला म्हणतोय ना तो."

"शब्द विचारा बाई."

पुन्हा तीन मिनिटं. पहिल्या चौकीवरचा गडी वरून आलेलं जसंच्या तसं बोलून दाखवत होता, आणि तेही वाऱ्याच्या आवाजातून. दुसऱ्या चौकीवर त्या वेळी एकदम नऊ जण आले होते. एकाचा गुडघा फुटला होता, सगळे पाणी मागत होते. तिथल्या माणसाने सत्तावीस नंबरला ओरडून सांगितलं होतं: तुझे बाबा म्हणतात, पुढचं चाक बघ.

सायलेन्सर नाही. तापली नाही. फुटू शकते नाही. तुझे बाबा म्हणतात.

"मग? तिने बघितलं?"

बघितलं. एक पाय टेकवून, पुढचं चाक उचलून तिने ते फिरवलं. सरळ फिरलं. मग ती म्हणाली, "बाबांना सांगा, बघितलं." आणि गेली.

तंबूत मेव्हणाही येऊन उभा होता.

"हसली का म्हणताना?" ड्रायव्हरने विचारलं. "चिडून म्हणाली की हसून?"

"ते मी नाही विचारणार," बाई म्हणाल्या, पण आवाज मऊ होता. त्यांनी तिसऱ्या चौकीला थेट गाठलं, ती उताराच्या पायथ्याशी होती आणि आवाज स्वच्छ येत होता. सत्तावीस नंबर दिसली की आधी तिला थांबवा, हुकूम माझा. मग त्या ड्रायव्हरकडे वळल्या. "आता देते हुकूम. मघाशी द्यायला हवा होता."

"मघाशी मीच उशिरा आलो," ड्रायव्हर म्हणाला.

उताराला मुलींना साधारण पंचवीस मिनिटं लागत होती. पहिली दहा अठ्ठावीसला तिसऱ्या चौकीवर आली. दुसरी दहा एकतीसला. दहा पस्तीसला जी आली ती चौथ्या क्रमांकावरची होती, नंबर त्रेसष्ट.

"तिला विचारा," ड्रायव्हर म्हणाला.

त्रेसष्ट नंबरने वाटेत कोणाला ओलांडलेलं नव्हतं. सत्तावीस तिच्या पुढेच होती, निदान अर्ध्या उतारापर्यंत दिसत होती. मग झाडी लागली.

ड्रायव्हर तंबूबाहेर आला. आत गेला. पुन्हा बाहेर आला. बायकोचा फोन वाजला, त्याने उचलला. "कितवी आहे?" तिने विचारलं. "तिसरी," तो म्हणाला. शेवटचं पक्कं माहीत होतं ते तेवढंच. "मग आवाज असा का?" "डोंगरात आहे, रेंज नाही," म्हणून त्याने फोन ठेवला. मेव्हणा त्याच्या शेजारी उभा होता. तो म्हणाला, "पंक्चर पण असू शकतं दाजी. नळी बदलत बसली असेल."

"धीर देतोयस?"



दहा एक्केचाळीसला एक मुलगा तिसऱ्या चौकीवर आला, पुरुषांच्या गटातला. त्याने सांगितलं की झाडी संपते तिथे, ओढ्याच्या आधीच्या वळणावर, एक सायकल बघितली. बाईंनी वॉकीटॉकी ड्रायव्हरच्या हातात दिली. तसा नियम नव्हता.

"नंबर काय होता बाळा?"

"सत्तावीस. पाटी दिसली मला, काका."

"पडली होती?"

"नाही, उभी. दगडाला टेकवून ठेवलेली."

"आणि ती? मुलगी?"

"कोणी नव्हतं तिथे."

"पुढचं चाक होतं का सायकलीला? धड होतं?"



"काका, मी वेगात होतो. वळण होतं. नाही बघितलं."

दहा वाजून चव्वेचाळीस मिनिटांनी तिसऱ्या चौकीवरून दोन स्वयंसेवक पायी वर निघाले, सोबत प्रथमोपचाराची पिशवी. चौकीपासून ते वळण अडीच किलोमीटर आहे, चढ आहे, आणि झाडीत वॉकीटॉकी चालत नाही. अकरा वाजून सोळा मिनिटांपर्यंत ते परतलेले नव्हते. त्या वेळेपर्यंत तिसऱ्या चौकीवरून मुलींच्या गटातल्या अकरा जणी पुढे गेल्याची नोंद होती. त्यांत सत्तावीस नंबर नव्हता.